ताप उतरला, पण पायात चप्पल राहीना

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४. घरात यजमान, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि लग्नाची नणंद. भासरे आणि जाऊबाई मागच्याच गल्लीत राहतात. यजमान कंत्राटी वायरमन. गणपतीच्या आधी त्यांना सणकून ताप भरला, सांधे धरले. दुसऱ्या दिवशी केलेली डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली आणि पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा घरानं सुटकेचा निःश्वास सोडला. दीडेक आठवड्यानं पावलांना मुंग्या यायला लागल्या. मग चालताना चप्पल पायातून निसटून मागेच राहायला लागली. "अशक्तपणा आहे, दोन दिवस पडून राहा," असं ताईंनीच त्यांना सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी संडासातून उठता येईना, तेव्हा ऑटो करून दवाखाना गाठला. निदान झालं गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, नसांचा एक आजार. रक्तात चिकनगुनियाच्या अँटिबॉडी सापडल्या. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं झाली, व्हेंटिलेटर लागला नाही. आता अडीच महिने होत आले. यजमान वॉकर धरून अंगणापर्यंत जातात.

भासरे म्हणतात, तीन दिवस घालवले म्हणून ही वेळ आली. सासूबाई म्हणतात, "लकवाच मारला माह्या पोराले," आणि उमरेडकडच्या एका तेलवाल्याकडे न्यायचा हट्ट धरून आहेत. नणंदेला येणाऱ्या स्थळांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलंय. मुलाला वडिलांच्या ताटात जेवू देत नाहीत. ताई विचारतात: घरात चौघांना ताप आला, मग यांनाच काऊन असं झालं? चूक माझीच का? हे पूर्ण बरे होतील का? पुन्हा ताप आला तर पुन्हा हेच होईल का?

ताई,

आधी त्या तीन दिवसांबद्दल बोलू. पत्रात बाकी सगळं तुम्ही एकेकदा सांगितलंय आणि ते तीन दिवस पुन्हा पुन्हा.

जीबीएसमध्ये इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग अशक्तपणा सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत दिलं तर सर्वांत चांगला होतो. तुमच्या यजमानांना ते पहिल्याच आठवड्यात मिळालं. शिवाय हा आजार एकदा सुरू झाला की दोन ते चार आठवडे वाढतच जातो आणि मग थांबतो. उपचारांमुळे बरं व्हायला लागणारा वेळ कमी होतो, पण आजार जागच्या जागी थिजत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी नेलं असतं तरी आज त्यांच्या हातात वॉकर असण्याची शक्यता बरीच होती. लवकर नेणं चांगलंच, कारण खरी भीती पायांची नसते, श्वासाची असते. शंभरातल्या वीस-तीस रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. तेव्हा तीन दिवस घरी काढणं योग्य होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या तीन दिवसांनी पाय नेले, हे भासऱ्यांचं म्हणणं या आजाराच्या स्वभावाशी जुळत नाही. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

तुम्हाला ते ओळखता का आलं नाही, हेही समजून घ्या. चिकनगुनियानंतर अख्खं घरच लंगडत असतं. घोटे सुजलेले, गुडघे आखडलेले, सकाळी पलंगावरून उतरताना 'आई गं' म्हणायचं. अशा घरात एकाचा पाय वेगळ्या कारणानं लटका पडला तर तो त्या गर्दीत लपून जातो. डॉक्टरांचीही पहिल्या एक-दोन दिवसांत फसगत होऊ शकते, कारण पाठीतलं पाणी काढून केलेली तपासणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते.

तरी फरक आहे, आणि तो घरी कळू शकतो. दुसऱ्या वाचकांसाठी तो नीट सांगते. सांधेदुखीचा माणूस दुखतं म्हणून पाय उचलत नाही, पण कळ सोसून उचलायला सांगितलं तर एकदा तरी उचलतो. तापातून उठलेला थकलेला माणूस काम टाळतो, दम लागला म्हणून बसतो, पण एकदा ठरवलं की उभा राहतो. नसांचा अशक्तपणा असलेल्याला मनात असूनही जोरच लागत नाही. त्याला टाचांवर उभं राहायला सांगा, मग चवड्यांवर. पाटावरून हाताचा आधार न घेता उठायला सांगा. शर्टाचं वरचं बटण लावू द्या. डोळे गच्च मिटू द्या, गाल फुगवून धरू द्या. काल जमत होतं आणि आज जमत नाही, मुंग्या तळपायांपासून वर चढताहेत, दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडताहेत, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तुमच्या यजमानांची चप्पल सुटत होती, कारण पाऊल वर धरून ठेवणारे स्नायू आणि चप्पल पकडणारी बोटं यांना वरून हुकूमच पोचत नव्हता.

आणखी एक गोष्ट. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. जीबीएसमध्ये त्याच्यावर विसंबू नये. श्वासाचे स्नायू दमत चालले तरी त्यावर बराच वेळ ९७-९८ दिसत राहतं आणि आकडा घसरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यापेक्षा एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. माणूस वीसच्या आतच अडकायला लागला, घास गिळताना ठसका लागू लागला, आवाज नाकातून यायला लागला, तर आयसीयू असलेलंच रुग्णालय गाठायचं. मधल्या दवाखान्यांत वेळ घालवायचा नाही.

आता तुमचा प्रश्न, "यांनाच काऊन?" घरात चौघांना ताप आला, म्हणजे बहुधा चौघांच्याही अंगात तोच विषाणू शिरला. चौघांच्याही शरीरानं त्याच्याशी लढायला अँटिबॉडी तयार केल्या. क्वचित एखाद्याच्या शरीरात ही फौज गफलत करते आणि विषाणू गेल्यावर स्वतःच्याच नसांवर चालून जाते. नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर असतं तसं. ते जागोजागी सोललं गेलं की मेंदूचा संदेश स्नायूपर्यंत पोचत नाही. हे यजमानांना सांगा, त्यांना आपल्या आजाराची गोष्ट घरातल्या कुणाहीपेक्षा लवकर समजेल. ही गफलत कुणाच्या शरीरात होईल ते आधी सांगता येत नाही. खाण्यापिण्यातली चूक, कमी काळजी, कुणाची नजर, यातलं काहीही त्यामागे नाही. सगळी कारणं धरूनही जीबीएस वर्षाला लाखात एखाद-दोघांनाच होतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा हे नाव सगळ्यांच्या कानावर पडलं. तिथं बोट दाखवलं गेलं ते दूषित पाण्याकडे आणि कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूकडे. त्यामुळे जीबीएस पाण्यातूनच होतो असा समज पसरला. तो जिवाणू जगभरात या आजाराचं सर्वांत मोठं निमित्त आहे हे खरं, पण एकमेव नाही. पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवर २०१३-१४ साली झिका या डासांनी पसरणाऱ्या विषाणूची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ जीबीएसचे ४२ रुग्ण निघाले. चिकनगुनिया आणि डेंग्यूनंतरही तो होतो. आपल्या नागपूरला तर हे नवं नाहीच. २००६ साली चिकनगुनिया देशभर पसरला, तेव्हा इथल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या डॉक्टरांनी मेंदू, मज्जारज्जू आणि नसांवर परिणाम झालेल्या रुग्णांची नोंद ठेवली आणि २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात चिकनगुनिया पुन्हा जोरात आला. गल्लीगल्लीत लंगडणारी माणसं दिसत होती, तरी 'ताप गेल्यावरही महिनाभर लक्ष ठेवा' हे वाक्य फार थोड्या घरांत पोचलं. मला सगळ्यांत जास्त खंत वाटते ती याची.

निगेटिव्ह रिपोर्टबद्दलही थोडं सांगते, कारण तिथंच तुमचं घर निर्धास्त झालं. दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी डेंग्यूची होती. त्यातून चिकनगुनिया कळणारच नव्हता. त्याच्या अँटिबॉडी रक्तात दिसायला साधारण पाच दिवस तरी जावे लागतात. 'डेंग्यू नाही' याचा अर्थ 'काहीच नाही' असा होत नाही.

इतर वाचकांनी डासांच्या तापात दोन काळ वेगवेगळे लक्षात ठेवावेत. पहिला काळ तापातला. ताप असतानाच माणूस बरळायला लागला, हाक मारूनही नीट जागा होईना, झटका आला, मान ताठ झाली, तर मेंदूज्वराचा संशय घेऊन त्याच तासाला निघायचं. भातशेतीच्या पट्ट्यातल्या जपानी मेंदूज्वरात लागण झालेल्यांपैकी फार थोडे गंभीर आजारी पडतात, पण पडले तर तीस टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात. त्याची लस आहे. ज्या जिल्ह्यांत ती बालकांच्या लसीकरणात देतात तिथं नऊ महिने आणि दीड वर्षाचे दोन्ही डोस चुकवू नका. आणि विदर्भातल्या आयांनी चांदीपुरा हे नाव विसरू नये. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. तो डासानं नव्हे, मुख्यतः भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीनं पसरतो. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांमध्ये त्याची साथ आली होती. यात लहान मूल तापापासून बेशुद्धीपर्यंत एका-दोन दिवसांत पोचतं, म्हणून तापातल्या मुलाला झटका आला की थांबायला जागाच नसते.

दुसरा काळ ताप गेल्यानंतरचा, एक ते सहा आठवड्यांचा. जीबीएस यातच येतो. याच काळात एखाद्याची नजर अचानक अंधुक होते, चेहऱ्याची एक बाजू लटकते, किंवा कमरेखाली बधिर होऊन लघवी अडकते. लघवी अडकणं ही मज्जारज्जूला सूज आल्याची खूण असू शकते आणि तिचे उपचार वेगळे असतात. तिथं शिरेतून दिलेली स्टिरॉइड उपयोगी पडतात, जीबीएसमध्ये ती उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच गल्लीतल्या मेडिकलमधून ताकदीची गोळी आणून पाहू, हा विचार सोडून द्यावा. डेंग्यूत कधी कधी रक्तातलं पोटॅशियम घसरून हातपाय एकदम गळतात आणि ते भरून दिलं की एक-दोन दिवसांत माणूस उठून बसतो. दिसायला सगळं सारखंच असतं. कोणतं काय, हे तपासूनच कळतं.

खर्चाच्या भीतीनं कुणी घरी थांबू नये. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं, पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन आधी त्याला गाठायचं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या 'मेडिकल'च्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात न्यूरॉलॉजी (नसा-मेंदूच्या आजारांचा) विभाग आहे. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याचा दुसरा उपचारही तितकाच गुणकारी आहे, तेव्हा 'इंजेक्शन नाही, प्लाझ्मा करू' असं कुणी म्हणालं तर आपल्याला दुय्यम उपचार दिले असं मानू नका.

तेलाचं काय करायचं? सासूबाईंना सरळ नाही म्हणून घरात रोज वाद होत असतील, तर मी तुमच्या जागी मधला रस्ता धरला असता. घरचं खोबरेल किंवा तिळाचं कोमट तेल हलक्या हातानं लावायला काहीच हरकत नाही. त्वचा चांगली राहते, आईचा हात लेकाच्या पायावर फिरतो, त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण तीन गोष्टींना ठाम नकार. पाय ओढणं, मोडणं, तुडवणं नको, कारण ढिल्या स्नायूंचे सांधे निखळू शकतात. गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक नको, कारण बधिर तळव्याला चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळतो. आणि पुडीतलं कोणतंही बेनामी औषध पोटात नको. उमरेडला जाण्यात फिजिओथेरपीचे दिवस बुडणार असतील तर जाणंही नको. त्यापेक्षा पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडे सासूबाईंनाच सोबत न्या. लेकाच्या पायात काल नव्हता तो जोर आज कसा मोजतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं. घरचे व्यायाम मोजून घ्यायचं काम त्यांच्याकडे सोपवा, त्या तुमच्यापेक्षा कडक निघतील.

बरे होतील का? बहुतेक जण होतात. सहा महिन्यांनी शंभरातले साधारण ऐंशी जण कुणाच्याही आधाराशिवाय चालतात. वर्षभरात साठेकांची ताकद पूर्ण परतते. काहींना पावलाची ढिलाई, रात्री तळव्यांची आग, आणि फार थकवा मागे राहतो. या थकव्यावरून तुमच्या घरात गैरसमज होणार हे मला आत्ताच दिसतंय. पाय चालायला लागले तरी माणूस दुपारी गळून पडतो आणि मग 'हिंमत सोडली यानं' असं ऐकावं लागतं. हिंमतीचा प्रश्न नाही, आजाराचाच तो भाग आहे आणि महिनोन् महिने टिकू शकतो. व्यायामही दमण्याच्या आधी थांबवायचा. आज जास्त केलं तर उद्याचा दिवस वाया जातो. तळव्यांची आग होत असेल तर सोसत बसू नका, त्यावर वेगळी औषधं असतात.

कामाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ठेकेदाराचे फोन येत असणार. पाऊल वर धरता येत नाही आणि बोटांना नीट कळत नाही, तोवर शिडी नाही, खांब नाही, चालू लाइन तर नाहीच. इथं घाई झाली तर एक संकट टळून दुसरं ओढवेल. पण हात पुरेसे सावरले की बसून करायची कामं असतात: पंख्याचं वाइंडिंग, मिक्सर-इस्त्रीची दुरुस्ती, बोर्ड टेबलावर जोडून देणं. दिवसाचे दोन तास जरी असं काम मिळालं तरी घरात आणि त्यांच्या मनात फरक पडेल.

पुन्हा ताप आला तर? चिकनगुनिया एकदा झाला की बहुधा पुन्हा होत नाही. जीबीएस पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात दोन ते पाच इतकंच आहे. तेव्हा प्रत्येक कणकणीला घाबरू नका, पण प्रत्येक तापात डॉक्टरांना हा इतिहास पहिल्या वाक्यात सांगा, कोणतीही लस घेण्याआधीही सांगा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नाही. यजमान आता दिवसभर घरात पडून असतात आणि डेंग्यू-चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास चावतो तो मुख्यतः दिवसा, म्हणून मच्छरदाणी दुपारीही लावा. आणि आपल्या नागपूरच्या घराघरांतला तो कूलर! उन्हाळा संपून महिने झाले तरी टाकीत तळाशी पाणी असतं. नुसतं ओतून उपयोग नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, काळी बारीक, मोहरीपेक्षाही लहान, आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की आठवडा-दीड आठवड्यात डास तयार. टाकी ब्रशनं घासून, उन्हात वाळवून, उलटी ठेवायची. जुन्या गवताच्या जाळ्या टाकून द्यायच्या. कूलर चालू असेल त्या महिन्यांत हे दर आठवड्याला करायचं.

मुलाचं ताट आजच्या आज बदला. जीबीएस स्पर्शानं, उष्ट्यानं, श्वासानं पसरत नाही. चिकनगुनियाही असा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, तो डासामार्फत पसरतो. सातवीतल्या पोराला वडिलांपासून वेगळं बसवलं की ते मनातल्या मनात काय काय जुळवत असेल. त्याला खरं सांगा, समजण्याइतका मोठा आहे तो.

नणंदेच्या स्थळांबद्दल मोठ्यांची भीती मला कळते. पण हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत जात नाही, त्यामुळे झाकण्यासारखं यात काही नाही. झाकलं तर मात्र पुढे कुणी वॉकर पाहील, शेजारी कुणी 'लकवा' म्हणेल, आणि जे नव्हतं त्याचाच संशय येईल. मी आल्या-गेल्याला सांगत सुटा म्हणत नाही. बोलणी पुढे सरकली की दोन वाक्यांत सांगायचं: भावाला तापानंतर नसांचा आजार झाला, उपचार झाले, तो बरा होतोय. ठरवायच्या आधी नणंदेलाही विचारा, लग्न तिचं आहे.

आणि ताई, पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, यजमानांचं एकही वाक्य नाही. तेलवाल्याकडे जायचं का, स्थळाला काय सांगायचं, काम कधी सुरू करायचं, हे त्यांना कुणी विचारलंय का? पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे तुम्ही नाही, त्यांनी बोलावं. काय विचारायचं ते वहीत लिहून न्या: पावलाला स्प्लिंट लागेल का, नसांची तपासणी पुन्हा कधी करायची, रात्रीची आग आणि झोप यावर काय घ्यायचं, गाडी कधी चालवता येईल, शिडीवर कधी चढता येईल. त्या दिवशी रुग्णालयात सोबत जायचं काम भासऱ्यांना सांगा, आणि तुम्ही दुपारभर झोपा.